आबाजी ढोर ओढत नाहीत

तुम्ही माझ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना पुन्हा मेलेलं ढोर ओढायला लावलं. आणि तेही इंग्रजीत.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. तुम्ही ओळखलं असेलच. तुम्ही त्या संस्थेचे अध्यक्ष. रामदासपेठेतल्या कार्यालयात क्वचित येता, पण तिथून बाहेर पडणारा एकेक शब्द तुमच्या नजरेखालून जातो. "वरून आलंय," असं कार्यालय सांभाळणाऱ्या चारुशीला मॅडम म्हणतात आणि बोट छताकडे करतात. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, तुम्ही वरच्या मजल्यावर बसता. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना निघाला.

मी पायल गजभिये, तिथली भाषांतरकार. माणसं मराठीत बोलतात, मी ते इंग्रजीत उतरवते. इंग्रजी मला कुठल्या कॉन्व्हेंटनं दिलं नाही. सीताबर्डीच्या फूटपाथवरची जुनी पुस्तकं आणि कोराडीहून शहरात येणाऱ्या बसमधली खिडकीची जागा, एवढ्यावर ते मी कमावलंय. म्हणून त्यातलं एखादं क्रियापद कोणी माझ्या हातून काढून घेतलं की मला लगेच कळतं.

प्रदर्शनाची कल्पना तुमची, आणि ती चांगली होती. खोटं कशाला बोलू? छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतलेल्यांपैकी जी माणसं अजून आहेत, त्यांच्या तोंडून त्यांच्या आठवणी. प्रत्येकाचा भिंतीएवढा फलक, मजकूर इंग्रजीत, कारण पाहुणे देशोदेशीचे येणार. मी घरी जाऊन आबाजींना विचारलं. आबाजी म्हणजे माझे आजोबा, धोंडबा गजभिये. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना शिव्या घालतात.

"मी काहून सांगू?" ते म्हणाले.

"लोक वाचतील ना."

"कोन लोक?"

"इंग्रजी वाचणारे."

"मंग त सांगतोच. मराठीवाल्यायले सांगून सांगून तोंड दुखलं."

त्यांनी सांगितलं ते असं. कुहीकडच्या आमच्या गावात कोणाचंही ढोर मेलं की हाक आमच्या दारात यायची. बाप लवकर गेलेला, म्हणून आई आणि अकरा वर्षांचा धोंडबा जायचे. ढोराच्या पायांना दोर बांधायचा, पोरानं पुढून ओढायचं, आईनं मागून रेटायचं. गावाला पुरा वळसा घालून न्यायचं, कारण सरळ रस्ता देवळासमोरून जायचा. त्या वर्षी दसऱ्याला मायलेक पांढरे कपडे घालून पायी नागपूरला आले आणि बौद्ध होऊन परत गेले. आठवडा उलटला नाही तो पाटलाचा बैल मेला. हाक आली. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आता नाई." संध्याकाळी तिनं तो दोर चुलीत घातला आणि त्याच जाळावर भाकरी भाजल्या.

"कशा लागल्या?" मी विचारलं होतं.

"जळकट," आबाजी म्हणाले. "पन पोटभर खाल्ल्या."

तेव्हापासून आमच्या घरात दसऱ्याच्या सकाळी दोराचा तुकडा जळल्याशिवाय चहा होत नाही. चूल गेली, गॅस आला, तरी नाही. एका वर्षी माझ्या भावाला, विक्कीला, ऐन वेळी दोर सापडला नाही, तर त्यानं कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचं टोक कापून बर्नरवर धरलं. असा वास सुटला की शेजारची लतिकाकाकू सिलिंडर लीक झाला म्हणून ओरडत आली. आई विक्कीला म्हणाली, "तू दोर जाळून राहिला का आपल्याले जाळून राहिला?" आता किराण्यातून आठवणीनं सुतळी येते.

एवढं सांगून झालं. मी रेकॉर्डर बंद करायला हात लांब केला.

"चालू ठेव वं," आबाजी म्हणाले. "अजून संपलं नाई."

आणि त्यांनी विक्कीचा फोन सांगितला. विक्कीला मौद्याला कंत्राटी नोकरी लागली होती. रोजची ये-जा झेपेना, म्हणून तो तिथंच खोली बघत होता. एका फाटकावरचा नंबर लावला. आबाजी शेजारी बसलेले, फोन स्पीकरवर.

"खोली आहे ना भाऊ?"

"आहे ना. या की बघायले. हवेशीर आहे, नळ आहे, गाडी ठेवायले जागा आहे. आडनाव काय म्हनाले तुमचं?"

"गजभिये."



"अरे, खोली होती हो. कालच गेली पाहा."

"एका दमात," आबाजी रेकॉर्डरकडे बोट करून म्हणाले, "एका दमात 'आहे'ची 'होती' केली त्यानं. ढोर ओढनं आम्ही सोडलं, थे संपलं. हे नाई संपलं. हे आजबी चालू हाय. असंच लिहिजो."

मी असंच लिहिलं. ढोर भूतकाळात, खोली वर्तमानकाळात. फाइल वर गेली. वरून खाली आली तेव्हा उलटी होऊन आली होती.

ढोराचा सगळा भाग तुम्ही वर्तमानकाळात केला होता. धोंडबा अकरा वर्षांचा आहे. तो दोर खांद्यावर घेतो. तो ओढतो. माश्या त्याच्या ओठांवर बसतात, त्याला हात मोकळा नाही. आणि फोनचा अख्खा परिच्छेद आवळून एका ओळीत: त्या काळी घरमालक भाडेकरूंना आडनाव विचारत असत.

त्या काळी! गेल्या उन्हाळ्यातला फोन तो.

मी मॅडमच्या टेबलापाशी गेले. "मॅडम, हे काळ कोणी बदलले?"

त्यांनी बोट वर केलं.

"दातवाल्यांनी?"

"पायल, प्लीज. सरांनी स्वतः बसून केलंय हे. शांतपणे वाचून तर बघ. वर्तमानकाळात कसं अंगावर येतं! वाचणारा थेट तिथं जाऊन उभा राहतो. इंग्रजीत आता सगळे असंच लिहितात."

आणि खरंच अंगावर आलं. मला त्या माश्या दिसल्या. तुम्हाला लिहिता येतं, ते मी नाकारत नाही. तेच तर जास्त वाईट आहे.

"आणि खोली?"

"ते बघ, प्रदर्शन इतिहासाचं आहे. बाहेरच्या पाहुण्यांसमोर आजच्या नागपूरवर असा सरसकट आरोप बरा दिसतो का? तोही एका फोनवरून?"

"एकच सांगितला, मॅडम. सगळे सांगितले असते तर भिंत पुरली नसती."

"अगं, शेवट जरा शांतवणारा नको? एवढं सोसलं त्यांनी."

"सोसलं, की सोसतात?"

मॅडमनी कॅलेंडर पुढं ओढलं. मंगळवारी आजोबांना घेऊन ये म्हणाल्या.

मी माझ्या जागेवर जाऊन बाकीचे फलक उघडले. सगळीकडे तेच. प्रेमिलाबाई नावाच्या एका आजींनी सांगितलं होतं की त्यांची नात डॉक्टर आहे, तरी सोसायटीतल्या बायका अजून तिला लिफ्टमध्ये विचारतात, कोणाकडे कामाला येतेस? तेही तुम्ही भूतकाळात ढकललं. पण त्याच आजी लहानपणी विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, तर त्या तुमच्या फलकावर अजून उभ्याच आहेत. घडा कमरेवर घेऊन, तहानलेल्या, वर्तमानकाळात.

म्हणजे आमच्या घरातलं जे दुःख संपलं ते तुम्हाला चालू हवं, कारण ते बघण्यासारखं आहे. आणि तुमच्या गल्लीतली जी लाज चालू आहे ती तुम्हाला संपलेली हवी, कारण ती दिसते. याला तुम्ही शैली म्हणता.

संस्थेचा एक नियम आहे. फलक छापायच्या आधी तो ज्याचा त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याचा होकार रेकॉर्ड करायचा. नियम चांगला आहे, बहुतेक तुम्हीच केला असेल. मंगळवारी मी आबाजींना बसनं घेऊन आले. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन. फोटो घ्यायला गौरांग आला होता, तो कोपऱ्यात कॅमेरा पुसत बसला. मॅडमनी रेकॉर्डर सुरू केला आणि मला खूण केली. मी इंग्रजीवर नजर ठेवून आमच्या बोलीत सांगू लागले. तुम्ही जसं लिहिलं अगदी तसं, एक अक्षर इकडचं तिकडं न करता.

"धोंडबा अकरा वर्षांचा हाय. धोंडबा खांद्यावर दोर घेऊन राहिला. धोंडबा ढोर ओढून राहिला."

"कोन?"

"धोंडबा."

"कोनता धोंडबा?"

"तुम्ही, आबाजी."

"मी त खुर्चीवर बसून राहिलो."

गौरांग हसला. मॅडमही हसल्या. "आजोबा, लिहायची तशी एक पद्धत असते. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, हे आत्ता घडतंय."

"आत्ता घडून राहिलं?"

"हो. म्हणजे, तसं वाटावं."

"तो वाचनारा गेला, दुसरा आला, तं?"

"त्यालाही तसंच वाटेल."

"म्हंजे मी पुन्हा ओढीन."

मॅडमचं हसू जरा मागं सरलं.

"हे भिंतीवर किती दिवस राहीन?"

"इथं तीन महिने. मग मुंबई, मग दिल्ली. जमलं तर परदेशात."

"दिल्लीलेबी ओढत नेऊ का?"

 एसी गुरगुरत होता. आबाजींचा आवाज वाढला नव्हता. ट्रकांना शिव्या देतात त्याहून लहानच होता.

"बाई, माह्या मायनं जे एका संध्याकाळी बंद केलं, थे तुम्ही चालू काहून करून राहिले?"

"पायल, पुढचं वाच," मॅडम म्हणाल्या.

मी वाचलं. "त्या काळी घरमालक भाडेकरूले आडनाव विचारत होते."

"कोन्या काळी?" आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "विक्कीनं फोन लावला तेव्हा मी हाच शर्ट घालून होतो वं."

"आबाजी, हे मी नाही लिहिलं."

"थे मले समजते." मग मॅडमकडे वळून: "चालू होतं थे बंद केलं, बंद होतं थे चालू केलं. इतके वर्सं पावर हाउसात काढले, पन असं उलटं बटन कोनी दाबलं नाई. तुमच्यात लाइनमन कोन हाय?"

मॅडमचं बोट अर्ध्यापर्यंत वर गेलं आणि परत खाली आलं.

"मग आजोबा," त्या रेकॉर्डरकडे बघत म्हणाल्या, "होकार समजायचा का?"

"नाई."

तो 'नाई' तुमच्याकडे आहे. ऐकून बघा. त्याला काळ नाही लागत.

मॅडम म्हणाल्या, बरं, मजकुराचं नंतर पाहू, आलेच आहेत तर फोटो तरी होऊ द्या. गौरांगनं पिशवीतून दोर काढला. इतवारीतून नवा आणलेला, जाडजूड, आणि जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला. स्वतःच सांगितलं त्यानं, कौतुकानं. "आजोबा, हा असा खांद्यावर घ्यायचा. आणि लांब बघायचं. जरा थकल्यासारखं."

मला वाटलं आबाजी ओरडतील. त्यांनी दोर घेतला, दोन्ही हातांत तोलला, नाकाशी नेला.

"काडीपेटी हाय का?"

"इथं स्मोकिंग चालत नाही, आजोबा," गौरांग म्हणाला.

आबाजी उठले. दोर बगलेत मारला आणि जिना उतरू लागले. मी मागे, माझ्या मागे गौरांग, त्याच्या मागे "अहो आजोबा, अहो आजोबा" करत मॅडम. फाटकाबाहेर कवडूची चहाची टपरी आहे, कोळशाच्या शेगडीची. आख्खं कार्यालय तिथंच चहा पितं.

"काय गा, शेगडी तापली का?"

"तापलीच हाय, बाबा. किती चहा टाकू?"

"समद्यायचे टाक," आबाजी म्हणाले आणि दोराचं टोक निखाऱ्यांत सारलं.

"अरे अरे अरे! बाबा, काय करून राहिले! थे काय सरपन हाय का?"

"आमच्यात हेच सरपन हाय."

दोर आधी नुसता धुमसला. मग पेटला. जळेल तसा आबाजी तो आत सारत गेले, सावकाश, चुलीत लाकूड सारतात तसा. धूर वर चढला. वरच्या मजल्याच्या खिडकीतून गालात कापूस धरलेला एक पेशंट वाकून बघू लागला.

"आजोबा, तो संस्थेचा प्रॉप होता!" मॅडम धापा टाकत म्हणाल्या.

"आमच्या घरचाबी आमचा नव्हता, बाई. गावानंच देल्ला होता."

चहा उकळला. कवडूनं आधी आबाजींना दिला, मग मॅडमपुढं ग्लास धरला. त्यांनी घेतला. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते आहे, नोकरी त्यांनाही आहेच.

"कशी झाली चाय?" आबाजींनी विचारलं.

"जळकट," मॅडम म्हणाल्या. आणि सगळा प्यायल्या.

गौरांगनं फोटो काढायला कॅमेरा उचलला होता. आबाजी त्याला म्हणाले, "आता काढ. हा काढ." शेगडीत दोर, हातात चहा. तो फोटो त्यानं तुम्हाला पाठवला की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे आहे.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सरांच्या घरापर्यंत वास गेला असेल गं. समोरच्या गल्लीत, दुसरं फाटक." मी वळून पाहिलं. तुमचं घर तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. बोगनवेल, पितळी कडी, आणि कडीला तारेनं बांधलेली पाटी: वरचा मजला भाड्याने देणे आहे.

शुक्रवारी तुमचा मेल आला. गोड होता. धोंडबाजींच्या भावनांचा आदर राखून ढोराचा भाग भूतकाळात करण्यास हरकत नाही. दोराचा फोटो वगळण्यात येईल. मात्र शेवटचा परिच्छेद 'त्या काळी' असाच राहील, अन्यथा फलक रद्द करणे भाग पडेल. खाली माझ्यासाठी आणखी एक ओळ होती, की माझ्या नेमणुकीचा विचार प्रदर्शनानंतर होईल.

मी तो मेल आबाजींना अंगणात वाचून दाखवला. त्यांनी एक ट्रक जाऊ दिला, मग बोलले.

"अर्धं देऊन राहिले का?"

"हो."

"माह्या मायनं अर्धा दोर जाळला नव्हता."

"मग काय कळवू?"

"त्यायले म्हन, भिंत रिकामी ठेवा. वर माहं नाव लिहा, खाली काईच नका लिहू. लोक विचारतीन, या बुड्याचं काय झालं. मंग सांगजा तुमच्या तोंडानं."

आईनं आतून ओरडून विचारलं, "अन् पोरीची नोकरी?" आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काळ बदलून मिळणारी नोकरी नको." आई म्हणाली, "बोलाले काय जाते." मग मात्र तिनं चहा जरा जास्त साखरेचा केला.

तर हे मी मराठीत लिहिलं आहे, माझ्या नावानं, तुमच्याकडे फाइल न पाठवता. यातलं एकही क्रियापद तुमच्या नजरेखालून गेलेलं नाही. आबाजींनी ढोर ओढलं. आबाजी ढोर ओढत नाहीत. घरमालक आडनाव विचारतात. ही तीन क्रियापदं आपापल्या काळात आहेत आणि तिथून ती हलणार नाहीत.

तुमच्या वतीनं मॅडम म्हणाल्या, एका फोनवरून आरोप नको. मान्य. मग आपण दुसरा पुरावा घेऊ, तुमच्याच दारात. आज सकाळी बसमधून उतरून मी मुद्दाम त्या गल्लीतून आले. पाटी अजून आहे. कोराडीहून रोज येण्या-जाण्यात माझा जीव जातो, मला रामदासपेठेत खोली हवीच आहे. स्वच्छ राहते, एकटी राहते, आवाज करत नाही; वर्षातून एकदा, दसऱ्याला, सुतळी जाळते, तेवढा वास सोसावा लागेल. रविवारी आबाजींना घेऊन येते. कडी वाजवायच्या आधीच आडनाव सांगून ठेवते, तुम्हाला विचारायचा त्रास नको: गजभिये.

आता तुमच्या तोंडून ऐकू द्या. खोली आहे, की होती?